डोक्याला लावलेली पाणसळ

तीर्थरूप आक्का,

धाकट्या भावाचा पत्रातूनच वाकून नमस्कार. पत्रातून अशासाठी, की समोर येऊन वाकलो की डोकं पुढे येतं, आणि माझं डोकं सध्या चारचौघांत पुढे करण्यासारखं राहिलेलं नाही. याला कारण कोण ते तुला चांगलं ठाऊक आहे. पण सुरुवातीलाच भांडण नको, म्हणून आधी खुशाली विचारतो. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून वाजतात का? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली उशाशी ठेवून नुसती बघत बसतेस? दाजींची तब्येत मी मुद्दामच विचारत नाही. (उत्तम असणार. दुसऱ्याच्या डोक्याची वाट लावून घरी बसलेल्या माणसाच्या तब्येतीला काय धाड भरलीय?) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण ते मानेच्या खालचं तेवढं ठीक आहे असं समजून वाच.

तू म्हणशील, घरात फोन असताना हा कागद कशाला काळा करतोय. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस का? मी तोंड उघडायचा अवकाश, तू "ते दोन घास जेवत नाहीत रे" म्हणून रडायला लागतेस, आणि डोकं माझं बिघडलेलं असून समजूत मलाच तुझी काढावी लागते. परवा तर कमालच केलीस. तुझ्या डोक्यापायी माझा माणूस मुका झाला, म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. वा गं वा! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! म्हणून हे पत्र. पत्राला मधे तोडता येत नाही आणि पत्राला रडून गप्प करता येत नाही. सगळं वाच, आणि मग रडायचंच असेल तर शेवटी रड.

पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या घरात या प्रकरणाची जी हकिगत चालू आहे तिच्यात दाजी म्हणजे गरीब गाय आणि मी खाटीक, असं माझ्या कानावर आलंय. तर ऐक. दाजींचा हात काय होता हे मी तुला सांगायला नको. आमच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या. माझ्या सलूनची पाटीही त्यांचीच, आणि तिच्यावरचं अक्षर अजून असं आहे की केस कापायचे नसलेला माणूसही घटकाभर थांबून वाचून जातो. मग ते छापील फ्लेक्स आले, रात्रीत लागतात आणि महिन्यात फाटतात, आणि दाजींचे ब्रश डब्यात वाळले. त्यानंतर ते घरात काय करत होते हे तूच मला रडत सांगायचीस. भिंतीवरची तसबीर सरळ करायची. दोन पावलं मागे जाऊन बघायचं आणि पुन्हा सरळ करायची. टेबलाच्या पायाखाली कागदाच्या घड्या घालायच्या. तू काकडी चिरलीस की त्यातल्या जाड चकत्या वेगळ्या काढून तुला दाखवायच्या. माणूस कामाविना वेडा होतो हे मलाही कळतं, मी काही दगड नाही. पण म्हणून त्या वेडाला खेळायला माझं डोकं द्यायचं?

आणि द्यायला लावलं कुणी? तू! नाही म्हणू नकोस. दाजी कुठेसा वर्ग करून आले, सुईच्या यंत्राने डोक्यावर बारीक बारीक ठिपके गोंदायचा. (त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. ते म्हणताना दाजी दोनदा श्वास घेतात.) टकलावर असे हजारो ठिपके भरले की लांबून बघणाऱ्याला वाटतं, या माणसाला केस आहेत, फक्त अगदी बारीक कापलेत. विद्या चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण शिकून आल्यावर कुणी डोकं द्यायला तयार होईना, तेव्हा तुझा फोन आला की ह्यांच्याकडे यंत्र आहे, हात आहे, फक्त डोकं नाहीये, आणि तुझं नाहीतरी रिकामंच आहे. शब्द तुझेच आहेत आक्का. मी हसलो, कारण थोरल्या बहिणीने धाकट्याच्या डोक्याबद्दल बोलायची आपल्या घरात जुनीच चाल आहे. आणि बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची सोय कुणाला असते?

शिवाय खरं सांगायचं तर मलाही हाव सुटली. तूच विचार कर, दुसऱ्यांचे केस कापून पोट भरणारा मी, आणि माझ्या स्वतःच्या डोक्यावर कापायला काडी नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसून मला विचारतं की केस गळायचे थांबायला काय लावू, आणि विचारून झाल्यावर आरशात माझ्याकडे बघून गप्प बसतं. ते गप्प बसणं मी वर्षानुवर्षं सोसलं. त्यात रस्त्याच्या पलीकडे तो नवा आला, काचेचं दार, थंडगार हवा, आणि मालकाच्या स्वतःच्या कपाळावर एवढी मोठी झुलपं की त्याला समोरचा माणूस अर्धाच दिसत असेल. (मी त्याला समोरचाच म्हणतो. नाव आहे त्याला, पण मी घेत नाही.) म्हटलं, होऊन जाऊ दे. आपल्याही डोक्यावर काहीतरी उगवलेलं दिसू दे.

सलूनला सुट्टी होती त्या दिवशी सकाळीच दाजी आले. माझ्याच खुर्चीत मला बसवलं, माझंच कापड माझ्या गळ्यात बांधलं, बधिर करायचं मलम चोळलं, आणि डावा तळहात माझ्या टाळूवर टेकवून उजव्या हाताने यंत्र चालू केलं. त्या यंत्राचा आवाज कसा, तर खिडकीत अडकलेल्या माशीसारखा. आणि दाजींचा तळहात उबदार, जड. मला झोप लागली. लागली तर लागली, त्यात माझा काय गुन्हा? माझ्या खुर्चीत रोज लोक झोपतात. आणि इथेच खरी गोम आहे, नीट लक्ष देऊन वाच. आपल्या बाबांचा नियम तुला आठवत असेल. खुर्चीत झोपलेल्या गिऱ्हाइकाला उठवायचं नाही. डोकं जसं कलंडेल तसं कापायचं, आणि जी बाजू खाली दबली असेल ती तो जागा झाल्यावर. खुर्चीत झोपणं म्हणजे तुमच्या हातावर टाकलेला भरवसा, तो मोडायचा नाही, असं बाबा सांगायचे, आणि मी तो नियम आजवर पाळला. दाजी लग्न झाल्यापासून माझ्याकडेच केस कापतात, त्याच खुर्चीत घोरतात, मी त्यांना कधी हलवून उठवलं नाही. तेव्हा त्यांनीही मला उठवलं नाही. इथपर्यंत माणूस सज्जन आहे असंच कुणीही म्हणेल.

पण दाजींचाही एक नियम आहे ना! पाटी रंगवणाऱ्याचा. भिंत कललेली असेल, फळी कललेली असेल, खांब वाकडा असेल, अक्षराची ओळ मात्र जमिनीशी सरळ हवी. म्हणून ते जन्मभर खिशात ती छोटी पाणसळ घेऊन फिरतात, गवंडी भिंतीला लावतात ती, काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असतो ती. तर माझं डोकं झोपेत उजव्या खांद्यावर कलंडलेलं, तोंड उघडं, आणि दाजींनी काय करावं? डोक्याला सरळ करावं? छे! डोक्याला उठवायचं नाही हा माझा नियम. ओळ जमिनीशी सरळ हवी हा त्यांचा नियम. त्यांनी दोन्ही नियम पाळले! माझ्या कपाळावर पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध आणला, आणि कपाळावरची केसांची रेघ जमिनीशी अगदी सरळ मारली. ही चहा घेऊन आली तेव्हा तिने हे डोळ्यांनी बघितलं. तिला वाटलं ताप मोजायचं काहीतरी नवीन यंत्र आहे, म्हणून तिने कितीय म्हणून विचारलं. दाजी म्हणाले, "अगदी बरोबर आहे." आणि माझी बायको समाधानाने कप ठेवून निघून गेली. अशी माणसं माझ्या वाट्याला आलीत.

मी उठलो. आता मान आखडलेली. तासन्‌तास एका बाजूला पडलेलं डोकं, ते सरळ होईना. उजव्या खांद्याकडे कललेलंच राहिलं, आणि तसाच मी आरशात बघतो तर काय! समोर रेघ अशी सरळ, की दोरी धरून आखावी. तिच्या वर गच्च ठिपके. दहा वर्षांनी तरुण! मी दाजींना मिठी मारली. (वाकड्या मानेने मारली, त्यामुळे माझं नाक त्यांच्या काखेत गेलं, पण मारली.) वाहवा केली, हात दाबला, रडू आलं मला. आता तुम्ही दोघं तेच धरून बसलाय की त्या दिवशी तूच तर कौतुक केलंस. अगं, केलं! वाकड्या मानेने केलं! ते कौतुक कायद्यात बसत नाही.

चार दिवस मान तशीच होती आणि ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे गेले. समोरचासुद्धा दारात येऊन बघून गेला. मग हिला माझी दया आली. कोमट तेल घेतलं, मान चोळली, आणि अचानक कट्‌ असा आवाज होऊन मान सुटली, डोकं सरळ झालं. मी म्हटलं, "हुश्श." ही नुसती माझ्याकडे बघते. मग हळूच जमिनीवर बसली, पदर तोंडात कोंबला, आणि तिचे खांदे हलायला लागले. मी आरशाकडे धावलो. आक्का, माझी केसांची रेघ उजवीकडे थेट टाळूकडे निघालेली, आणि डावीकडे खाली उतरून भुवईला भेटायला आलेली! एखाद्या घाईतल्या माणसाने टोपी घातली आणि ती सरळ करायची राहूनच गेली, असं माझं डोकं. पहिल्यांदा मी हिलाच बोललो की मान चोळून तू सगळं वाकडं केलंस. त्यावर ती आणखी हसली, आणि आजही मी जेवायला बसलो की ती मधेच उठून स्वयंपाकघरात जाते. मला कळतं कशाला जाते ते.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण पुढे रंग बदलला. काळे होते ते ठिपके पसरले आणि निळसर-हिरवे झाले. सावलीत मी वाकडा दिसतो आणि उन्हात शेवाळलेला. टोपी घालून केस कापू म्हटलं तर टोपी घातलेल्या केस कापणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? लोक म्हणणार, हा काय लपवतोय. आमच्या सलूनमध्ये समोर आरसा आणि मागे आरसा, त्यामुळे एक वाकडी रेघ पुढे आणि तिच्या मागे वाकड्या रेघांची रांगच्या रांग. जिकडे बघावं तिकडे मीच. तेव्हा मग मी एक उपाय काढला. डोकं उजवीकडे कलतं ठेवायचं. डोकं कललं की रेघ सरळ दिसते, हे चार दिवसांचं सुख मला आठवत होतं. झालं, मी दिवसभर डोकं कलतं ठेवून काम करायला लागलो.

आणि मग माझ्या हातून प्रत्येकाचे केस तिरके कापले जायला लागले. होणारच! डोळे कललेले, तर कातरीही कललेलीच चालणार. डावा कल्ला आखूड, उजवा लांब. मागची ओळ डावीकडून उजवीकडे उतरती. मला सगळं सरळच दिसायचं, त्यामुळे कळायला मार्ग नाही. तुला ते आपले निवृत्त हेडमास्तर आठवतात ना, बाबांच्या वेळेपासूनचे? ते केस कापून झाल्यावर आरशात बराच वेळ बघत बसले आणि अगदी शांतपणे विचारलं, "माझा एक कान खाली आलाय का रे?" मी म्हटलं, नाही गुरुजी, वयोमानाने तसं वाटतं. ते उठले, आणि जाताना त्यांनी दारातली आपली छत्री घेतली. पुढच्या खेपेला मी त्यांना समोरच्याच्या काचेच्या दारातून बाहेर येताना बघितलं. मला बघून त्यांनी छत्री उघडली आणि तोंडापुढे धरली. आभाळात ढग नव्हता. आक्का, बाबांचं गिऱ्हाईक होतं ते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि तू मला दाजींच्या जेवणाचं सांगतेस.

त्याच संध्याकाळी मी दाजींना फोन केला. हो, केला, आणि बोललो. तू म्हणतेस मी माणुसकी सोडून बोललो. मी काय बोललो ते आता इथे लिहूनच टाकतो, म्हणजे त्यात मीठमिरची कुणाला लावायला नको. मी म्हटलं, दाजी, दुकानाची पाटी आणि माणसाचं डोकं यांत फरक असतो हे त्या वर्गात शिकवलं नाही का? ते म्हणाले, बुडबुडा मधोमध होता. मी म्हटलं, बुडबुडा गेला खड्ड्यात, तुमचा हातच गेला आता, यंत्र विकून टाका आणि गप्प घरी बसा. बस, एवढंच. रागावलेला माणूस बोलतो! माझ्या जागी दुसरा कुणी असता तर यंत्र घेऊन त्यांच्याच कपाळावर चार ओळी गोंदल्या असत्या. त्यावर दाजींनी फोन ठेवला, आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत, तुझ्याशी बोलत नाहीत, तसबिरीसुद्धा सरळ करत नाहीत असं तू सांगतेस. मग बघ, निदान तुझ्या भिंती तरी सुटल्या. घरी गप्प बसा म्हटलं तर इतकं मनापासून ऐकायचं असतं का? बाकी कधी ऐकलंय माझं?

शेवटी हीच कुठून तरी पत्ता काढून मला एका बाईंकडे घेऊन गेली. असली बिघडलेली डोकी दुरुस्त करणं हेच त्या बाईंचं काम. (म्हणजे बघ, बिघडवणारे इतके झालेत की दुरुस्तीचा वेगळा धंदा निघालाय.) पांढरीशुभ्र खोली, डोळ्यांवर येणारा दिवा, त्याला ताटाएवढं भिंग. बाईंनी मला सरळ बसायला सांगितलं. मी बसलो. त्या म्हणाल्या, सरळ बसा. मी म्हटलं, बसलोय. मग त्यांनी दोन बोटांनी माझं डोकं धरून सरळ केलं, रेघ बघितली, आणि हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आतून मदतनीस बाईला बोलावलं आणि म्हणाल्या, हे बघून ठेव. मला विचारलं, तुमचा व्यवसाय काय? आता केस कापणारा असून डोक्यावर हे घेऊन फिरतो असं कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, खुर्च्यांचा व्यवसाय आहे. ही बाजूला बसून खोकली.

बाईंचं म्हणणं असं, की ठिपके फार खोल गेलेत म्हणून पसरलेत, आणि जे काम दोन-तीन बैठकांत थोडं थोडं करायचं ते एका बैठकीत उरकलंय. शिवाय केसांची रेघ कधी सरळ नसते, म्हणे. केस काही रांगेत उगवत नाहीत, पुढे-मागे, विरळ-दाट असे असतात. हे मला सांगताहेत! मला! जन्म गेला माझा केसांत! मी उठून जाणारच होतो, पण हिने शर्ट धरला. उपाय आहे म्हणाल्या. पुढच्या ओळी लेसरने हळूहळू पुसायच्या, मधे कातडीला विश्रांती द्यायची, आणि मग बारीक सुईने फिकट राखाडी ठिपके, वेडीवाकडी कड ठेवून, पुन्हा भरायचे. वेळ लागेल, पण माणसात याल. मी म्हटलं, करा सुरू. तर त्यांनी कानामागे एका ठिपक्यावर लेसर लावून बघितला, आणि तो पुसला जायच्या ऐवजी काळाकुट्ट झाला. काही शायांचं असं होतं म्हणे. आता शाई कुठली वापरली ते कळल्याशिवाय त्या माझ्या डोक्याला हात लावायला तयार नाहीत. आणि ते सांगणारा माणूस जगात एकच, आणि तो तुझ्या घरात मुका होऊन बसलाय! म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रोज एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून जातंय, मी कलत्या डोक्याने बघत उभा आहे, आणि बाबांनी उभं केलेलं हे सलून एका शाईच्या नावावाचून अडलंय. उद्या ते बंद पडलं तर पाटी उतरवायला तरी दाजींना पाठवशील की नाही?

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे. दाजींचं मन दुखावलं असेल, पण माझं डोकं दुखावलंय, आणि डोकं मनाच्या वर असतं. त्यांनी मुकाट्याने शाईचं नाव सांगावं, आणि माणसाच्या डोक्याला यापुढे पाणसळ लावणार नाही असं कबूल करावं. केसभरही मागे हटणार नाही मी. (केस नाहीत, तरी.) मी माफी मागावी असं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. अन्याय माझ्यावर झालाय आणि तो मी भर रस्त्यात डोक्यावर घेऊन हिंडतोय.

तुझ्या गुडघ्यांना शेक देत जा. उत्तराची वाट बघतो, मान कलती ठेवून.

तुझा
धाकटा

ता. क. : यंत्राचं नाव काढलं की ते उठून मोरीत जातात असं तू सांगितलंस. मग विचारू नकोस. त्यांच्या पेटीत शाईची बाटली असेल, ती कापडात गुंडाळून पाठव. बाटलीवरची नावाची चिठ्ठी फाटली असली तरी चालेल. त्यात पाटीचा रंग मिसळलेला असला तरी मी काही बोलणार नाही, फक्त बाईंना सांगीन. बाटली पाठवताना त्यांच्यावर ओरडू नकोस.

आणखी एक ता. क. : हे लिहायचं नव्हतं, पण हिने पत्र वाचलं आणि लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही. त्या बाईंनी भिंगातून बघताना असंही म्हटलं की खोली चुकली, शाई चुकली, डोकं चुकलं, पण इतके सारख्या अंतरावरचे ठिपके आणि न हललेला हात त्यांनी फार थोड्या डोक्यांवर बघितलाय. कुणी केलंय म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या आक्काचे यजमान. (अभिमानाने म्हटलं असं ही सांगते. ते खरं धरू नकोस.) तेव्हा हात गेला असं जे मी बोललो, ते चूक ठरलंय. हे दाजींना सांगू नकोस, फुगतील. नाहीतर सांग.

शेवटचं ता. क. : मागच्या फोनवर रडता रडता तू म्हणालीस की ह्यांचे केस कानांवर आलेत, कॉलरमध्ये जायला लागलेत, पण दुसऱ्या कुणाकडे बसायला तयार नाहीत. त्या वेळी मी रागात होतो, ऐकून घेतलं नाही. नंतर दिवसभर तेच डोक्यात राहिलं. आक्का, जन्मभर मी लोकांची डोकी धरली, माझं डोकं असं तळहातात धरून कुणी बसलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच. म्हणून तर झोप लागली मला. बाटली टपालाने पाठवू नकोस, त्यांच्याच हाती दे आणि त्यांना पाठव. सुट्टीच्या दिवशी सलून फक्त त्यांच्यासाठी उघडतो. खुर्चीत झोपले तर उठवणार नाही. फक्त येताना पाणसळ आणायला सांग. मान माझी अजून उजवीकडेच जाते, तेव्हा त्यांना झोप लागेपर्यंत त्यांनी ती माझ्या डोक्यावर धरून ठेवावी, म्हणजे निदान त्यांचे तरी केस सरळ कापले जातील.